जिन्याखालचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. जयनगरमधल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात प्राचार्यांच्या दाराबाहेर माझी पस्तीस वर्षं गेली. सुतारानं माझी पाठ मुद्दाम थोडी कलती ठेवली होती, दमलेल्या माणसाला टेकता यावं म्हणून.

तेव्हाच्या प्राचार्या अहल्याक्का. दर गुरुवारी त्यांचा उपास असे. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यावर येऊन बसत आणि जिला काही सांगायचं असेल ती शेजारी टेके. "सरी, बरं, बोल आता. स्वल्प सावकाश. मी कुठं पळून चाललेय?" असं कानडी मिसळून म्हणत. किती रडू मी ऐकलं, किती हसू! देवळाची पायरी झाल्यासारखं वाटे मला.

अक्का निवृत्त झाल्या. आता निवेदिता मॅडम आहेत. त्या वाईट नाहीत हो. पण शिक्षकांच्या जागा रिकाम्या, रोज नवा अहवाल, त्यात कॉलेजला दर्जा देणारी समिती यायची होती. म्हणून दाराशी पांढरा सोफा आला आणि मी समोरच्या जिन्याखाली गेलो.

त्याच आठवड्यात संध्याकाळचा वर्ग बंद करायचं घाटत होतं. शहराबाहेरच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत काम करून शिकणाऱ्या एकोणीस मुलींचा तो वर्ग. 'हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत भेटावे,' अशी सूचना लागली. मुली तीन दिवस आल्या. सोफ्यापाशी उभ्या राहिल्या, कुजबुजल्या आणि परत गेल्या.

शुक्रवारी मॅडम वर्ग बंद करायचा कागद सहीसाठी घेऊन बाहेर आल्या. शिपायाला म्हणाल्या, "बघा दत्ताअण्णा, कुणीच आलं नाही."

"आल्या होत्या की, मॅडम! तुम्ही मीटिंगमध्ये. बसा म्हटलं, तर म्हणतात, सोफा समितीचा आहे, आमच्या कपड्यांना ऑइल असतं. ती बघा, सिद्धी आजही उभीच आहे."

मॅडम जिन्याखाली येऊन धुळीसकट माझ्यावर बसल्या. "ये गं सिद्धी. बैस इथं."

"वर्ग गेला तर माझं शेवटचं वर्ष अर्धवट राहील, मॅडम. आई म्हणते, मग लग्नच लावून टाकू."

"अगं, पण शिकवायला माणसं कुठून आणू मी? इतिहासाला तर कुणीच नाही."

सिद्धी ओढणीवरचा ऑइलचा डाग चोळू लागली. मॅडमनी कागद उलटा केला आणि मांडीवरच लिहिलं, 'वर्ग चालू राहील. इतिहासाचे तास मी घेईन.'

मित्रांनो, मी अजून जिन्याखालीच आहे. त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच, उद्या तुम्ही मोठे व्हाल, हातात कामं पुष्कळ असतील. तेव्हा दाराशी कुणी उभं दिसलं, तर त्याला आधी बसायला सांगा.