आत्याबाईचं गवत

साहेब, आमच्या आत्याबाईचा जीव तुम्ही घेताय. म्हातारपण नाही, हवा नाही. तुमच्या कोठारातलं गवत. हे तोंडावर सांगायला तीनदा आले आणि तीनदा तुमच्या दाराबाहेरच्या बाकावरून उठून परत गेले.

आत्याबाई म्हणजे घोडी. आमच्या गवताच्या वखारीची गाडी तिने सोळा वर्षं ओढली. पुढ्यात काहीही टाकलं की आधी नाक मुरडायची, म्हणून आबांनी हे नाव ठेवलं. त्यावरून माझ्या सख्ख्या आत्याने वर्षभर आमच्याशी अबोला धरला होता.

आबा, म्हणजे माझे वडील, गवत देण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचे. कुणाला घालणार? दुभती की भाकड? दात शाबूत आहेत का? दुभत्या गाईला पानाळ लसूणघास, घोड्याला काड्यांचं, पण धूळ नसलेलं. एकदा शेजारच्या शिक्षिकाबाई सशासाठी लसूणघासच हवा म्हणून अडून बसल्या.

"अहो, आवडतो त्याला."

"मला साखर आवडते, बाई. रोज वाटीभर खाऊ?" आबा म्हणाले आणि साध्या गवताची पिशवी त्यांच्या हातात कोंबली.

मी अकरा वर्षांची असेन. शेतावरून गाडी आली होती. मी मोठ्या तोऱ्यात एक हिरवागार गठ्ठा निवडला आणि पिवळट होता तो बाजूला सारला. आबांनी माझा हात धरला आणि कोपरापर्यंत त्या हिरव्या गठ्ठ्यात खुपसला. आत चक्क गरम होतं.

"ताप आलाय त्याला," आबा म्हणाले. "ओला असतानाच बांधलाय. चार दिवसांत बुरशी."

मग पिवळट गठ्ठा फोडला. वरच्या थराचा रंग तेवढा उन्हाने उडालेला. आत थंड, हिरवट, आणि चहाचा डबा उघडावा तसा वास. तो वास माझ्या दप्तरालाही असायचा. वर्गातली पोरं मला 'गंजी' म्हणायची आणि मी घरी येऊन रडायचे. आता कधीतरी आबांचा स्वेटर कपाटातून काढून नाकाशी धरते. त्याला फक्त कपाटाचा वास येतो.

आबा गेले, वखार गेली, मी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आले. घोडी काही जिना चढणार नव्हती, म्हणून तुमच्या म्हाताऱ्या जनावरांच्या निवाऱ्यात ठेवली. कागदावर सही माझी आहे. तेवढी चूक माझ्या नावावर टाका.

गेल्या रविवारी गेले तर ती मान लांबवून खोकत होती. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचं पोट खपाटीला जात होतं. घोड्यांची निगा राखणारा तुमचा मोतद्दार मात्र खुशीत होता.

"ताई, नवीन माल बघा, कसला हिरवा आहे. साहेबांनी कोठारात रंगाचा तक्ताच टांगलाय. तक्त्याशी रंग जुळला की गठ्ठा आत."

"फोडून बघता का?"

"छे. फोडला की व्यापारी परत घेत नाही."

मी फोडला. बुरशीची पांढरी धूळ उठली आणि मोतद्दारालाच ठसका लागला.

"साहेबांना सांगा की हे," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा. मला नोकरी करायचीय."

दुसऱ्या दिवशी आबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक गठ्ठा आणला. हात घालून पाहिला, हुंगला, एक काडी चावली. त्यातलं पिशवीभर घेऊन गेले. मोतद्दार भला माणूस. त्याने पाठ फिरवली. आबा तिच्या खोकल्यात करायचे तसं मी ते अर्धा तास बादलीत भिजवलं, म्हणजे उरलीसुरली धूळ नाकात जात नाही. तिने बादलीचा तळ चाटला. खाताना दोनदाच खोकली.

मंगळवारी फाटकावर तुमच्या सहीचा कागद लागला : बाहेरचा चारा आत आणण्यास मनाई. मोतद्दाराची बदली झाली. आत्याबाई अजून आत आहे, त्याच धुळीसमोर.

माझा गठ्ठा जिन्याखाली कोरडा ठेवलाय. तिला परत न्यायला माझ्याकडे जागा नाही, पण रोज दोनदा येऊन खायला घालायला पाय आहेत. उद्या सकाळी सातला मी बादली घेऊन फाटकाशी उभी असेन. मला नियम वाचून दाखवू नका, चौकशी चालू आहे म्हणू नका. फाटक उघडणार की नाही, तेवढं सांगा.