गोड बोलण्याचे दिवस

जनेलने उजव्या घोट्याभोवती पट्टीचा शेवटचा वेढा घट्ट ओढला आणि उभी राहून त्या पायावर सगळा भार टाकला. कळ आली. चेहऱ्यावर तिने ती उमटू दिली नाही.

"पाणी आणू का तुला?" ब्रॉनविनने विचारले.

ब्रॉनविन बास्केटबॉल संघाची कर्णधार. एरवी साखर कारखान्यात वेल्डिंग करणारी. ऑस्ट्रेलियातल्या मॅकायच्या या क्लबात जनेल ओहायोहून आली, तेव्हापासून ब्रॉनविनने तिला 'आजीबाई' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. घोटा मुरगळला आणि सगळ्याच जणी अदबीने वागू लागल्या. या देशात माणूस आपला असेतोवर त्याची टिंगल होते. निरोप द्यायचा ठरला की लोक गोड बोलतात, हे जनेल शिकली होती. गेल्या हंगामात दुसऱ्या अमेरिकन मुलीला परत धाडण्याआधी तिच्यासाठी केकही आणला होता. परदेशी खेळाडूंना जागा दोनच. नवी मुलगी बघतो आहे, हे प्रशिक्षक ट्रेव्हरने लपवले नव्हते. आजचा सराव पाहून ठरवू, एवढेच तो म्हणाला होता. चौतिशीत इथून सुटलेल्या खेळाडूला पुढे कुणी बोलावत नाही, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

हॉलच्या पत्र्याखाली उकाडा दाटला होता. जनेल चेंडू घेऊन आत घुसली, तर ब्रॉनविन हळूच बाजूला सरली. पुढच्या खेपेलाही तेच. जनेलने चेंडू काखेत धरला आणि जागीच थांबली.

"मी काय काचेची आहे?"

"घोटा सांभाळ, जनेल."

"नाव नको घेऊस माझं. आडवी ये. नाहीतर दुसरीला पाठव."

यावेळी ब्रॉनविन सगळा खांदा घालून आली. जनेल पाठीवर आपटली. हात द्यायला कुणी पुढे आले नाही, आणि तिनेही तो शोधला नाही. आधी डाव्या पायावर, मग दोन्हींवर ती उभी राहिली आणि चेंडू मागितला. त्यानंतर ब्रॉनविनने तिला एकही बास्केट सहज करू दिली नाही. तरी ती करत राहिली.

सराव संपल्यावर ट्रेव्हरने कर्णधाराला दाराशी बोलावले. जनेल बाकावर बसून पट्टी सोडवत राहिली. मान वर केली नाही. पावले जवळ आली. घामाने भिजलेला एक टॉवेल तिच्या डोक्यावर येऊन पडला.

"शनिवारी सामन्याची बस सहाला सुटते, आजीबाई. कवळी घरी विसरू नकोस."

जनेलने तो टॉवेल तोंडावरून लगेच काढला नाही.