इन्स्पेक्टर आणि बेकरीवाला

मी बेकरीवाला. आसपासच्या निम्म्या वाढदिवसांचे केक माझ्या हातचे, पण पोटच्या पोरीनं माझा केक कधी चाखला नव्हता. तिला दुधाची ॲलर्जी. तान्ही असताना चमचाभर दह्यानं तिचं तोंड सुजलं, तेव्हा आमच्या काळजाचं पाणी झालं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरात फुंकायला ताकही उरलं नाही.

चार वर्षांच्या या बाईंना घरात सगळे इन्स्पेक्टर म्हणतात. कुणी काही पुढे केलं की आधी चौकशी: "यात दूध आहे?" हे आम्हीच शिकवलं. उत्तर खरं तेच मिळेल, हेही आम्हीच शिकवलं.

आणि आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासण्या चांगल्या आल्यात. दूध घालून भरपूर भाजलेला केक आणा. भाजलेलं दूध काही मुलांना सोसतं. माझ्यासमोर कणभर देऊन बघू. घरी मात्र प्रयोग नकोत."

"जावईबापू, तिला सांगूच नका," सासूबाईंनी सल्ला दिला. "पोटात गेलं की झालं."

दवाखान्यात मी डबा उघडला. इन्स्पेक्टरनं वाकून वास घेतला. "यात दूध आहे?"

बायकोच्या ओठांवर 'नाही' आलेलं मला दिसलं. पण आज खोटं बोललो, तर उद्या आमच्या 'नाही'वर ही पोर विश्वास कसा ठेवणार? तिचा जीव त्या एका शब्दावर चालतो.

"आहे," मी म्हणालो.

पोरीनं तोंड गच्च मिटलं. बायको फणकारली, "घ्या! आले हरिश्चंद्राचे अवतार!"

"जबरदस्ती नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज नाही, तर काही महिन्यांनी बघू."

काही महिने! मला स्वतःचाच राग आला. मी तिच्यासमोर फरशीवर बसकण मारली. "हे बघ, यात दूध आहे. आधी तुला त्रास झाला होता. आता कदाचित होणार नाही. झालाच, तर यांच्याकडे औषध तयार आहे."

तिनं मला नीट न्याहाळलं. "बाबा, तुला भीती वाटते?"

"खूप."

"मग तू बाहेर बस."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. माझी रवानगी बाहेर झाली. दाराच्या काचेतून बायकोची पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीवरून काय कपाळ कळणार? आधी कणभर, मग थांबायचं, मग थोडा मोठा तुकडा, पुन्हा थांबायचं, असं आत चाललेलं. बाहेर मी येरझाऱ्या घालून फरशी झिजवत होतो.

शेवटी दार उघडलं. बायकोचे डोळे भरलेले. "काय झालं?" मी ओरडलोच.

"अरे, ठीक आहे ती! अंगावर एक पुरळ नाही. सगळा तुकडा खाल्लान."

मी आत धावलो. इन्स्पेक्टर बोटं चाटत बसली होती.

"बाबा, तुझा केक कोरडा आहे."

गिऱ्हाइकानं असं म्हटलं असतं, तर मी हमरीतुमरीवर आलो असतो. इथे मात्र मी तिला छातीशी धरून लहान पोरासारखा रडलो. इतका आनंद मला कुणाच्या कौतुकानं झाला नव्हता.

"रडू नको," तिनं माझी पाठ थोपटली. "पुढच्या वेळी नीट कर."