दुधातलं आयोडीन

राजनसरांचा पारा चढला की लॅबमधलं माणूस न् माणूस तोंड लपवायला जागा शोधायचं. आणि आज तर दिल्लीवाल्यांनी त्यांचं नाकच कापलं होतं.

त्याचं असं झालं. वाळवंटात जिथे पूर्वी अणुचाचण्या झाल्या, तिथल्या गावांमधलं दूध आणि बाजरी दर वर्षी बनी पार्क भागातल्या या लॅबमध्ये यायची. किरणोत्सर्ग उरलाय का, ते मोजायचं. दर वर्षी विशेष काही सापडायचं नाही. यंदा मात्र दुधात किरणोत्सर्गी आयोडीन निघालं! हे आयोडीन काही आठवड्यांत विरून जातं, म्हणजे जुन्या चाचणीचं असणं शक्यच नाही. कुणीतरी गुपचूप नवा स्फोट केलाय, असं धरून सर हुरळले आणि त्यांनी वर कळवूनही टाकलं. दिल्लीहून विचारणा आली, "रिकामी पिशवी मोजलीत का?" मोजली. तिच्यातही आयोडीन!

पिशव्या भरायची प्रणिता. तिच्या लगेच सगळं लक्षात आलं. चिकटलेली पिशवी उघडायला भाजीवाल्यासारखं बोट जिभेला लावायचं, ही तिची जन्माची खोड. आणि वाढलेल्या थायरॉइडवर दिल्लीच्या हॉस्पिटलात तिनं नुकतंच हेच आयोडीन औषध म्हणून घेतलं होतं. थुंकीत उतरतं ते. दिवसभर हेच मोजणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? पण तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठे! डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलेलं, सरांनी मात्र रजा दिली चारच दिवस. तीही मैत्रिणीच्या लग्नाची थाप मारून मिळालेली. खरं सांगायची सोय नव्हती. सरांची सख्खी बहीण शालिनीताई म्हणजे तिची होणारी सासू. साखरपुडा झालेला, आणि ताईंच्या मुलावर, निलयवर, तिचा जीव जडलेला. बरा होणाराच आजार होता. लग्नानंतर निलयला सावकाश सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"रांगेत उभे राहा सगळे," सर मीटर घेऊन आले.

प्रणितापाशी मीटर जो कडकडायला लागला, तो थांबेचना. सरांनी तो तिच्या गळ्याला टेकवला. लाजेनं आणि भीतीनं तिला रडू फुटलं.

"सर, थायरॉइडचं औषध आहे. मतलब... उतरेल थोड्या दिवसांत."

शेजारच्या टेबलावरची प्रतिमा पोटावर हात ठेवून मागे सरली. सातवा लागला होता तिला. "रोज माझ्या डब्यात जेवलीस गं! शरम नाही वाटली?" गरोदर बाईपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लांब बसले तर विचारतील, म्हणून प्रणिता तिच्याजवळ बसत राहिली होती.

"सर, हवं तर नोकरीवरून काढा. पण ताईंना सांगू नका. पाया पडते."

"मी कशाला सांगू? तूच सांग." सरांनी बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू केला, "प्रणिताला बोलायचंय" म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवला. माझं हसं झालं ना, मग आता हिचंही होऊ दे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"अगं, बरी वेळेवर सापडलीस!" शालिनीताई खुशीत होत्या. "ब्लाउजचं माप द्यायला कधी येतेस?"

प्रणितानं सगळं सांगितलं. मूल होईल, फक्त सहा महिने थांबावं लागेल, हेही सांगितलं.

"राजन, मीटर वाजला का रे?"

"चांगलाच."

"मग संपलं. निलयला मी समजावते." आवाज अगदी मऊ होता. "प्रणिता बाळा, साखरपुड्याची साडी तुझ्याकडेच राहू दे हं, आता घरात नको. अंगठी तेवढी राजनमामाकडे दे. सोनं काय, धुतलं की झालं."

सरांनी हातमोजा चढवून तळहात पुढे केला. प्रणिता अंगठी ओढू लागली. ती सांध्यापाशी अडली, निघेना.

"साबण आणा कुणीतरी," सर म्हणाले.

सगळ्यात आधी प्रतिमा उठली.