गौरम्माबाईंचा माईक

"हिरवा दिवा लागला की बोलायचं ना रे, अमरेश?"

"हाव बाई. माईक जरा जवळ घ्या."

गौरम्माबाईंनी माईकची मान खाली वळवली. गळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही धड पोचत नसे. जळकोटच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना पदवीधरांनी बालाघाट विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून दिलं होतं. आज अर्थसंकल्पाची सभा होती.

त्यांचा आवाज नीट येतोय हे बघून अमरेश मागच्या काचेच्या खोलीत आपल्या यंत्रापाशी येऊन बसला. पूर्वी तो उदगीरला लग्नांमधून स्पीकर लावायचा. विद्यापीठात कंत्राटी ऑपरेटर झाल्यापासून घरात जरा स्थैर्य आलं होतं.

दार लोटून उपकुलसचिव सुदर्शन साहेब आत आले.

"बाई आज जळकोटच्या वसतिगृहाचा विषय काढणार. त्यांनी सुरुवात केली की माईक बंद करायचा."

अमरेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, सभा लाइव्ह चाललीय. लोकांना दिसली पाहिजे, असा नियमच हाय ना?"

"म्हणून तर सांगून राहिलो. बिघाड झाला म्हणायचं." साहेबांचा आवाज खाली आला. "तुझ्या कंत्राटाची फाइल माझ्याच टेबलावर हाय. ध्यानात ठेव."

साहेब गेले नाहीत. त्याच्या खुर्चीमागेच उभे राहिले.

विद्यापीठाच्या जळकोटच्या उपकेंद्रात मुलींसाठी वसतिगृह व्हायचं होतं. अमरेशच्या बायकोची, शिवकन्याची, धाकटी बहीण तनुजा तिथंच शिकायची. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची बस निघून जायची. शेवटी वडिलांनी तिला घरी बसवलं. तशा कितीतरी मुली होत्या.

सभागृहात विषयामागून विषय पुढे सरकत होते. 'मंजूर, मंजूर' म्हणत बाकं वाजत होती. मग गौरम्माबाई उठल्या.

"अध्यक्ष महोदय, मुलींच्या वसतिगृहाची तरतूद यंदा अतिथिगृहाच्या सजावटीकडे वळवलेली दिसते. हे कोणत्या बैठकीत ठरलं? मी इतिवृत्त मागितलं, तर—"

"बंद कर," साहेब म्हणाले.

अमरेशचं बोट कळीवर होतं. ते हलेना.

"अमरेश!"

त्याने हात उचलला आणि मांडीवर ठेवला. साहेबांनी त्याच्या खांद्यावरून वाकून स्वतःच कळ खाली ओढली.

बाईंचे ओठ हलत राहिले. ऐकू काहीच येईना. "पुढचा विषय घ्या," कोणीतरी ओरडलं. कोणी हसलं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी मागे वळून काचेकडे बघितलं आणि हातानेच विचारलं, काय झालं रे? त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. यंत्रच बिघडलं असेल आणि अमरेश ते आत्ता नीट करील, असं त्यांना वाटत होतं.

ते त्याला सहन झालं नाही. त्याने सत्कारासाठी ठेवलेला बिनवायरचा माईक उचलला.

"बस खाली. कुठं चाललास?"

"बिघाड झालाय ना साहेब? दुरुस्तीला चाललो."

मधल्या वाटेने तो थेट बाईंपाशी गेला. बाईंच्या दोन्ही हातांत कागद होते, म्हणून माईक त्यानेच त्यांच्या तोंडाशी धरला. ऑपरेटर इथं, मग यंत्रापाशी कोण, म्हणून साऱ्या माना मागे वळल्या. काचेमागे सुदर्शन साहेब एकटेच उभे होते, हात अजून यंत्रावर. तो त्यांनी हळूच मागे घेतला.

"मी विचारत होते," बाई म्हणाल्या आणि त्यांचा खरखरीत आवाज सभागृहभर पसरला, "हे कोणी ठरवलं आणि कुठं?"

अध्यक्षस्थानी बसलेले कुलगुरू शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघू लागले. "माहिती घेऊन नंतर कळवू."

भोकरचे सदस्य ग्यानोबा उठले. "नंतर न्हाई साहेब. लोक बघून राहिलेत. उत्तर नसंल तर विषय मंजूर करू नका."

बराच गोंधळ झाला. अखेर तो विषय इतिवृत्तासह पुढच्या सभेत आणायचं ठरलं. वसतिगृह मिळालं नव्हतं, गेलंही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्याचा दंड धरला. "तुझं काय होईल रे आता?"

"बघू बाई," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा शिवकन्या भाकरी थापत होती. तनुजा चार दिवस राहायला आली होती; दोघी बहिणींनी मोबाइलवर सभा बघितली होती.

"मी दिसलो का?"

"पाठ दिसली नुसती," शिवकन्या म्हणाली. "घामानं लई भिजली व्हती."

तनुजाने उठून त्याचं ताट वाढायला घेतलं.

महिनाअखेरीस कंत्राट संपलं. नवीन आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेश आंघोळ करून आला, तर बाजेवर इस्त्री केलेला शर्ट होता.

"आता कशाला इस्त्री? मंडपवाल्याकडं काम मागायला चाललो मी."

"कुठं बी जा," चुलीपासून शिवकन्या म्हणाली, "पन घालून जा."

त्याने शर्ट घातला. गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या आणि उदगीरची बस धरायला निघाला.