एनॉर्मस क्वार्टर

"कुंदाबाई, उभ्या राहा आणि पुन्हा वाचा बरं," म्हणत तोताराम सरांनी खडू टेबलावर टाकला.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत संध्याकाळी त्यांचा इंग्रजीचा वर्ग चाले. 'एनॉर्मस' म्हणजे अवाढव्य, प्रत्येकानं एक वाक्य करायचं होतं. बहुतेकांनी वीजकेंद्राची चिमणी लिहिली, उरलेल्यांनी हत्ती. कुंदाबाईंचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळणार होती, आणि महिनाअखेरची इंग्रजीची परीक्षा पास झाल्या तर कारकुनाची.

"माय क्वार्टर इज एनॉर्मस."

"अहो बाई, टाइप वनच्या दोन खोल्या त्या! का साहेबांच्या बंगल्यात राहायला गेलात?"

वर्ग खो खो हसला. आणि वर्ग हसला की सरांना चेव यायचा, मग जीभ कुठली थांबते! "'माय क्वार्टर इज स्मॉल', दहा वेळा लिहून आणा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. आठवडाभर आल्या नाहीत.

रविवारी सर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. कडी वाजवली, बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत एक खाट, एक सतरंजी, खुंटीवर नवऱ्याचा खाकी शर्ट.

"बसा ना, सर. पोरं पाचोऱ्याला मामाकडे ठेवली शिकायला. हे तर असे गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते दिवसभर, घर सरतच नाही."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या वर्गात त्या शब्दाचा अर्थ बाईंनाच कळला होता, आणि आपण त्यांनाच हसलो.

"बाई, वाक्य बरोबर होतं तुमचं. मीच मूर्ख. उद्यापासून या. अजून दहा दिवस आहेत, मी रोज तासभर जास्त बसतो."

कुंदाबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"काल ऑफिसात सही देऊन आले, सर. शिपायाची जागा घेतली. तिला परीक्षा लागत नाही."

"सही मागे घेऊ आपण. मी येतो सोबत."

"तिथंच विचारलं मी. एकदा सही झाली की बदलत नाही म्हणे."

"अहो, पण का असं केलंत? वर्गात सगळ्यांत हुशार तुम्ही!"

कुंदाबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहत राहिल्या.

"हे तेव्हा म्हणाला असतात, सर, तर थांबले असते मी."