भिंतीवरची उष्टी रोटी

गल्लीच्या बैठकीत ठरलं होतं: आसऱ्याला आलेली बायकामुलं असतील तर राहू देत, पण मागून बाप्या येणार असेल तर त्याच दिवशी बिऱ्हाड बाहेर. नदीपलीकडून, अफगाणिस्तानातून आलेल्या परीगुलला मोहबेगीमनं आपली बाहेरची खोली दिली, शेजारणींकडून गाद्या आणि कोट गोळा केले, आणि बैठकीत ठासून सांगितलं, "तिच्या मागे कुणी नाही." धडधडीत खोटं! पण खरं बोलून तिची दोन लेकरं रस्त्यावर काढायची, तर असलं पुण्य चुलीत घाला.

आणि आज गल्लीचा म्होरक्या होलमुरोद, ज्याला सगळे अका म्हणजे दादा म्हणत, न सांगता दारात उभा.

"खोली बघायचीय."

"बसा तरी अका, चहा टाकते."

"नको. तू गोड बोलायला लागलीस की मला संशय येतो, मोहबेगीम."

मोहबेगीम लगबगीनं पुढे होऊन खोलीत घुसली आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्या डोक्यामागे खिळ्याला रोटी टांगलेली होती, एक घास तोडलेली. सकाळीच तिनं परीगुलला विनवलं होतं, "काढून ठेव गं बाई." परीगुल ऐकेल तर शपथ! निघणाऱ्यानं एक घास खायचा, उरलेली रोटी तो परतेपर्यंत भिंतीवर ठेवायची. मध्येच उतरवली तर माणसाच्या जिवावर बेततं. नदीच्या अलीकडेही हेच, पलीकडेही हेच.

"बाजूला हो," अका म्हणाला.

"का? भिंतीत काय सोनं पुरलंय?"

"बाजूला हो म्हटलं ना!"

ती सरकली. अकानं रोटी पाहिली. त्याला काय सांगावं लागणार होतं?

"कुणी खाल्लाय घास?"

कोपऱ्यातल्या परीगुलनं लेकरांना मागे ओढलं. "माझ्या नवऱ्यानं. नदीपासून मागे फिरला, आईला आणायला. येणार आहे तो."

"अका, खोटं मी बोलले," मोहबेगीम म्हणाली. "काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या. हिला घालवू नका हो."

अकाच्याही घरी भिंतीवर अशीच रोटी होती. मुलगा बहरुद्दीन कामाला रशियात गेला, नंतर त्याचा फोनही बंद झाला. अकाची बायको दर शुक्रवारी ती रोटी पुसते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्याच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

त्यानं हात वर केला. उतरवतोय मेला, असं वाटून मोहबेगीमनं डोळे मिटले.

"खिळा हलतोय," घोगरा आवाज आला. "आणि खाली आहे फार. उंदीर लागतील."

तिनं डोळे उघडले. अका भिंतीकडेच तोंड करून उभा होता.

"बघत काय बसलीस? हातोडी आण. पोरगा आल्यावर खाईल काय?"